भावाला जेवणाचा आजार झाला तेव्हा ताईनं काय करायचं

मी साताऱ्यात बायकांचे कपडे शिवते. आईच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, सासर दोन गल्ल्या पलीकडे. पंधरा वर्षं झाली, दिवसभर गळ्यात टेप असते. तरी घरच्याच पोराचं माप घेताना मला काही कळलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. धाकट्या भावाला कुर्ता शिवायचा म्हणून मी माप घेतलं, वहीतलं आदल्या वर्षीचं माप काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "अरे वा, हिरो झालास की!" तो हसला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला अ‍ॅनोरेक्सिया झाला होता, म्हणजे माणूस जेवण तोडत तोडत वाळत जातो तो मनाचा आजार. माझं ते वाक्य त्यानं कित्येक आठवडे मनात जपून ठेवलं, जेवण टाळायची वेळ आली की तेच आठवायचा, असं त्यानं मला पुढे दीड वर्षानं सांगितलं.

आईवडिलांनी काय करायचं हे डॉक्टर सांगतात. भावंडाकडे कुणी वळून बघत नाही. मग भावंडं आपल्या मनानं काहीतरी ठरवतात: कुणी पोलीस होतं, कुणी वकील होतं, कुणी घरातून पाय काढतं. मी आधी पोलीस झाले होते. त्यातून बाहेर येऊन पुन्हा ताई कशी झाले, तेवढंच इथं सांगते. आणि एक आधीच सांगून ठेवते. धाकट्याच्या वजनाचे, अंगाच्या मापाचे आणि कॅलरीचे आकडे मी कुठंही लिहिलेले नाहीत. आजारी माणूस असे आकडे वाचतो आणि त्यांच्याशी शर्यत लावतो. तुम्हीही घरात बोलताना ते टाळा.

काय दिसतं

आमच्याकडे काय दिसलं ते सांगते. सुट्टीला घरी आला की एप्रिलच्या उन्हातही अंगात स्वेटर. हात गार. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून एक भाकरी पाऊण तास चालायची. "मेसमध्ये जेवूनच निघालो." "पित्त झालंय." सोमवारचा उपवास सुरू झाला, मग शनिवार, मग एकादशी, आणि आई आपली खूश, पोरगं देवाधर्माला लागलं म्हणून. पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत जायचा, संध्याकाळी परत जायचा. पावसात, तापातसुद्धा. एक दिवस चुकला की चिडून बोलायचा. आणि ज्या गोष्टीनं मी सगळ्यात जास्त फसले ती ही: तो आम्हाला तासन्‌तास रांधून घालायचा. रात्री मोबाईलवर पदार्थांचे व्हिडिओ बघत बसायचा. ज्याला खाण्याची एवढी आवड त्याला जेवणाचा आजार कसा असेल, असं मला वाटायचं.

"मला जाड व्हायची भीती वाटते" हे वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नाही. आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत असं असतं, डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवलंय. पोट भरलंय, गॅस झालाय, घास खाली उतरत नाही, उपवास आहे, असंच ते सांगतात. भीती आत असते किंवा वेगळ्याच रूपात असते. तेव्हा त्या वाक्याची वाट बघत बसू नका.

मुलगा असला तर आणखी उशीर होतो. मुलीची पाळी चुकली तर घरातलं कुणीतरी सावध होतं. मुलाच्या बाबतीत तशी उघड खूण नसते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या निदान-पुस्तिकेतसुद्धा २०१३ पर्यंत बायकांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी पाळी थांबणं ही अट होती. म्हणजे आजाराची कल्पनाच मुलींवरून बेतलेली. शिवाय पोरगं पळतं, जिमला जातं, तेल-साखर सोडतं, यात सगळ्या गल्लीला कौतुकच वाटतं.

सगळेच वाळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. बुलिमियात माणूस एका बैठकीत खूप खातो आणि मग ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा भरमसाट व्यायाम करून ते फेडायला बघतो. वजन चारचौघांसारखंच असू शकतं. जेवलं की लगेच बाथरूम, आत नळ सोडलेला, जबड्याखाली गालाला सूज, बोटांच्या मागच्या बाजूला घट्टे, किडलेले नसतानाही झिजलेले दात, अशा खुणा असतात. (ओकल्यावर लगेच ब्रश करू नये, पाण्यानं खळखळून चूळ भरावी. आम्लानं मऊ पडलेले दात घासले की आणखी झिजतात.) तिसरा प्रकार बिंज ईटिंगचा, म्हणजे आवरता न येणाऱ्या खाण्याचा: रात्री डबे रिकामे होतात, कुणाला दिसू नये म्हणून कागद लपवले जातात, आणि मागे उरते ती लाज. अशा माणसाला घरात "खादाड" म्हणतात. तोही आजारीच असतो.

पहिलं बोलणं

माझं पहिलं बोलणं सगळं चुकलं. जेवताना बोलले, सगळ्यांसमोर बोलले, आणि म्हणाले, "आईची काय अवस्था केलीयस बघ." तो ताटावरून उठला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्यांदा बोलले ते जेवणाची वेळ टळल्यावर, दुकान बंद करताना. मी शर्टाला बटणं लावत होते, तो समोर बसला होता. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही अशी जागा बरी. स्कूटरवर, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. मी जेवणाचं आणि अंगाचं नावही काढलं नाही. जे दिसत होतं तेवढंच सांगितलं: "तुला सारखी थंडी वाजते. रात्री तीनला तुझ्या खोलीत दिवा असतो. गेले सहा महिने आपण दोघं मनापासून हसलेलो नाही. मला काळजी वाटते. तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील का?"

तो "मला काही झालेलं नाही" म्हणाला. हे उत्तर येणारच असं धरून चाला. या आजारात माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट आपलं सगळं पहिल्यांदाच ताब्यात आलंय असं वाटतं. त्याच्याशी वाद घालून काही मिळत नाही. मी म्हणाले, "बरं. मी रविवारी परत विचारीन." आणि रविवारी विचारलं. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "फक्त झोपेसाठी येतो." झोपेसाठी तर झोपेसाठी. डॉक्टरांच्या खोलीत पाय पडणं महत्त्वाचं.

भावंडाला हमखास ऐकावं लागणारं एक वाक्य आहे: "ताई, आईला सांगू नको." आपण लहानपणापासून एकमेकांची गुपितं सांभाळलेली असतात, त्यामुळे हो म्हणायचा मोह होतो. हो म्हणू नका. मी त्याला म्हणाले, "तू कुणावर चिडलास, कुणावर जीव जडला, ते माझ्यापाशीच राहील. तुझ्या जिवाला धोका असेल ते मी झाकणार नाही. पण तुझ्या पाठीमागे सांगणार नाही, तुझ्यासमोर सांगेन." तेव्हा तो रडला. मला वाटतं, त्याला बरंही वाटलं असावं.

डॉक्टर, तपासण्या आणि कायद्याचं थोडं

पहिल्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून "व्यवस्थित खात जा, तरणाताठा मुलगा तू" असं सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं. अ‍ॅनोरेक्सिया बरा करणारं टॉनिक नाही. त्या सांगण्यात आमचे सहा आठवडे गेले. म्हणून सांगते, मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ अशी तिघांची सोबत लागते. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय काय सोडलं, किती व्यायाम, चक्कर येते का, झोप कशी. आणि विचारा की झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब बघाल का, ईसीजी काढाल का, रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, साखर तपासाल का. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर फार दिवस तोल सांभाळतं आणि मग एकाएकी सांभाळेनासं होतं. सारखं ओकणाऱ्याचं पोटॅशियम घसरतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, भले तो दिसायला धडधाकट असो.

धाकट्याची नाडी फार सावकाश चालत होती. तो अभिमानानं म्हणाला, "पळणाऱ्यांची अशीच असते." डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं की उपाशी हृदयही शक्ती वाचवायला असंच मंद चालतं.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, जागेपणी शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली, पायांवर सूज, पाणीही न घेणं, उलटीत रक्त, बोलण्यात गोंधळ, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना, गरज पडली तर १०८. मनाच्या आजारांत अ‍ॅनोरेक्सिया हा सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे. काही मृत्यू हृदयानं होतात, काही आत्महत्येनं. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "कधी कधी." मग ते डॉक्टरांना सांगता आलं.

आणखी एक धोका आम्हाला माहीतच नव्हता. निदान झालं त्या रात्री आईनं डिंकाचे लाडू करायला घेतले, पोराला महिन्याभरात उभं करते म्हणाली. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि माणूस दगावूही शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. गरज असेल तर सुरुवातीचे दिवस दवाखान्यात काढावे लागतात. आमचे अकरा दिवस गेले.

अठरा वर्षांवरच्या माणसाबद्दल डॉक्टर तुम्हाला त्याच्या परवानगीशिवाय फार सांगणार नाहीत. पण तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता, ऐकून घ्यायला बंदी नाही. मी एक पानी चिठ्ठी लिहून दिली, आणि तशी दिली हे धाकट्यालाही सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभं राहणारं माणूस, नेमता येतो, त्यानं माझं नाव लिहिलं. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं लागतं. कंपनीनं नाही म्हटलं तर हे सांगा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. बंगळुरूचं निम्हान्स हे मनोविकारांचं मोठं सरकारी रुग्णालयही आहे, पण तिथवर जायची वाट बघत इथले उपचार थांबवू नका.

माझा राग कशानं गेला

डॉक्टरांनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं छत्तीस धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं ते शोधायला. हे तरुण मनानं निरोगी होते म्हणूनच निवडले होते. काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसले. एका ताटाला तास-दोन तास लावू लागले. सारखी थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, मित्र नकोसे झाले, हसणं बंद झालं.

मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर धाकटा होता. भाकरीचे तुकडे, रात्रीचे व्हिडिओ, स्वेटर, तुटक बोलणं. मी ज्याला त्याचा हट्ट समजत होते तो बराचसा भुकेचा परिणाम होता. पोट आणि मेंदू दोन्ही उपाशी असलेल्या माणसाला समजावून काय समजणार? आधी अन्न, मग समजूत. त्या दिवसापासून मी त्याच्याशी युक्तिवाद करायचं सोडून दिलं.

ताट आईचं, पुढचा तास माझा

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक पद्धत तयार झाली. तीत किशोरवयीन मुलांच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडील घेतात आणि भावंडं त्या पहाऱ्यातून मुद्दाम बाहेर ठेवली जातात. भावंडानं फक्त साथ द्यायची. धाकटा अशा मुलांपेक्षा वयानं मोठा होता, तरी त्याच्या संमतीनं आम्ही तेवढी वाटणी उचलली. काय आणि किती वाढायचं ते आहारतज्ज्ञांचा कागद आणि आई ठरवणार. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शेजारी बसणार. मी ताटात बघायचंही नाही.

हे मला फार जड गेलं. आधी मी घास मोजायचे, खोलीत कचऱ्याचा डबा तपासायचे, खिशात पोळीचा तुकडा सापडला की आईसमोर टाकायचे. त्यानं एवढंच झालं की तो माझ्यापासूनही लपवायला लागला. दुसऱ्या कुणाकडे ताटाची जबाबदारी असेल तर भावंडानं ती हातात घेऊ नये. आईवडील नाहीत किंवा दूर आहेत आणि तुम्हीच एकटे आहात, अशी वेळ असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि जेवणाच्या वेळेपुरती ती जबाबदारी घ्या. जेवण उरकलं की ती तिथंच ठेवून द्या.

जेवताना मी बोलायची. क्रिकेट, अण्णांच्या एसटी वर्कशॉपच्या गोष्टी, माझ्या मुलीच्या शाळेतली भांडणं. अन्न, वजन, व्यायाम, कोण किती बारीक झालं, यातलं काही नाही. "थोडं तरी खा", "आफ्रिकेतली मुलं बघ", "माझ्यासाठी एक घास" हे सगळं बंद. ताट संपल्यावर "शाब्बास" हेही बंद. आजाराच्या कानाला ते "जास्त खाल्लंस" असं ऐकू येतं. फार वाटलं तर "अवघड होतं ना आज?" एवढंच. तो मान हलवायचा.

त्याच्या लेखी सगळ्यात कठीण वेळ जेवणानंतरची. पोट जड, मनात गदारोळ, पळायला जायची किंवा जिने चढायची ओढ. तो तास माझा होता. जेवण झालं की तो दुकानात यायचा आणि बसायचा. बसायचा, हे महत्त्वाचं. उभ्याउभ्या वेळ काढणं हासुद्धा व्यायामच असतो, हे मला उशिरा कळलं. मी त्याच्यापुढे बटणांचा डबा पालथा करायची: चार भोकांची, दोन भोकांची, शिंपल्याची, कापडानं मढवलेली. तो ती वेगळी करायचा. पुढे हेम घालायला शिकला, हूक लावायला शिकला. ज्या दिवशी हात थरथरायचे त्या दिवशी माझी मुलगी यायची आणि आम्ही बदाम सात खेळायचो. बोलायलाच पाहिजे असं काही नव्हतं. तुमच्याकडे दुकान नसेल, पण हाताला काम आणि बुडाला बैठक मिळेल असं काहीतरी असेलच. पत्ते, कॅरम, शेंगांसारखं खाण्याचं सोडून दुसरं काही निवडायचं काम, जुने फोटो लावणं.

त्याच्या आजाराला आणि त्याला मनात वेगळं धरा, असं डॉक्टर सांगतात. त्याचा मला उपयोग झाला. तो आईच्या अंगावर ओरडायचा तेव्हा मी स्वतःशी म्हणायची, हा तो नाही. पण हे त्याच्या तोंडावर दरवेळी बोलू नका. एकदा त्यानं मला सुनावलं: "ताई, मी खरंच चिडलो तरी तू म्हणतेस आजार बोलतोय. मग मी कधी बोलायचं?" बरोबर होतं त्याचं.

नातेवाईक, सण आणि टेप

"काय रे, हाडं मोजता येतील!" हे वाईटच. पण बरं होतानाचं "आता कसं अंग भरलं, छान दिसतोस" हे त्याहून घातक. असं एक वाक्य ऐकून धाकट्यानं दोन दिवसांचं जेवण सोडलं होतं. म्हणून मी दिवाळीआधी मावशी, आत्या, दोन्ही काकू, सगळ्यांना एकेक फोन केला: "त्याच्या अंगाबद्दल आणि ताटाबद्दल काही बोलायचं नाही. बाकी काहीही बोला. अभ्यासाचं विचारा, मोबाईलचं विचारा." आजाराचं नाव सांगायचं की नाही ते त्याला विचारून ठरवलं, तो नको म्हणाला, मी सांगितलं नाही. तरीही एक आत्या बोललीच. मी लगेच म्हणाले, "आत्या, चल, तुझ्या ब्लाउजचं माप घेऊन टाकू," आणि तिला उठवून आत नेलं.

फराळाचं ताट मधे ठेवून "घे रे, घे रे" करण्यापेक्षा त्याच्या वाटणीचं आधीच कागदात ठरलेलं होतं. उपवासाचं मात्र आईला पटवणं सोपं नव्हतं. शेवटी तिनंच वाट काढली. आजाऱ्याला उपवास नसतो हे आपल्याकडे पहिल्यापासून आहे, ती म्हणाली, आणि तिनं स्वतःची एकादशीही वर्षभर घरात कुणाला जाणवणार नाही अशी केली.

वजनकाटा माळ्यावर गेला. डॉक्टरांकडे वजन करताना तो पाठमोरा उभा राहायचा. आणि मला माझ्या धंद्यात बदल करावा लागला. दुकानात दिवसभर काय चालतं? "अगं, मी फारच सुटलेय, एक इंच कमीच धर." "पोट दिसणार नाही असं शिव." हे सगळं तो आतल्या खोलीतून ऐकत मोठा झाला होता. मी मापं मोठ्यानं बोलायची बंद केली. टेप लावायची, वहीत लिहायची, गिऱ्हाईकानं स्वतःला नावं ठेवली की कापडाचं बोलायची. स्वतःबद्दलही बंद केलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या कानावर हे पडतंय हे तेव्हाच लक्षात आलं. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो, म्हणून तिच्याकडे, आणि स्वतःकडेही, लक्ष ठेवा. तिला मी एवढंच सांगितलं: मामाला आजार आहे, त्यात जेवायची भीती वाटते, तुझ्यामुळे झालेला नाही, त्याच्या ताटाकडे बघायचं नाही, पत्ते मात्र खुशाल खेळ.

मधल्याचे पेढे

आमच्यात एक मधला भाऊ आहे. २०२३ च्या जानेवारीत त्याला नोकरी लागली. साताऱ्यात कंदी पेढ्यांना काय तोटा? पण त्या दिवशी घरात पेढे आले नाहीत. आणायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि आईला आठवणही नव्हती. तो कपडे भरून कामावर रुजू झाला. तीन महिन्यांनी मला फोनवर म्हणाला, "मीही आजारी पडतो, मग तुम्हाला माझी तारीख कळेल."

मी मोती चौकातून अर्धा किलो पेढे घेतले आणि त्याच्या खोलीवर घेऊन गेले. उशिराच, पण गेले. आजारी भावंडाभोवती घर एवढं आवळून जातं की दुसऱ्याला श्वास मिळत नाही. दुसरं भावंड तुम्ही असाल तर आईवडिलांना सांगा: आठवड्यातला एक तास माझा. राग येतो, तो धरू नका असं मी म्हणणार नाही, मला धाकट्याचा राग वर्षभर येत होता. तो त्याच्यासमोर काढू नका, एवढंच. मी नवऱ्याजवळ रडले, एकदा समुपदेशकाकडेही गेले. तुम्ही झोपला नाहीत, तुमचं काम बुडालं, तर त्यानं त्याला काही जास्त बरं वाटत नाही. आणि घरात आनंदाची बातमी असेल तर पेढे आणा.

पुढे

महिन्यांचा हिशेब धरू नका, वर्षांचा धरा. धाकट्याचं कॉलेजचं एक वर्ष गेलं. तो २०२४ मध्ये पुण्याला परत गेला तेव्हा आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की तो घसरतोय हे कशावरून ओळखायचं: जेवणाचा फोन टाळणं, परत उपवास, परत पहाटेचं पळणं. ही यादी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली आणि मला दिली. परीक्षेच्या वेळी एकदा घसरला. या वेळी त्यानंच फोन केला.

आता माझ्या हातातलं एक काम सांगते, कारण ते कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. बरं होताना अंग बदलतं, कधी आधी पोटावर येतं आणि मग सगळीकडे पसरतं, आणि सकाळी पँटचं बटण लागलं नाही की तो एक क्षण अख्खा आठवडा घेऊन जातो. म्हणून आजारपणातले कपडे त्याला विचारून एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाका. नाड्याच्या, इलॅस्टिकच्या पँट, सैल कुर्ते हाताशी ठेवा. गळ्यामागचं साइजचं लेबल ब्लेडनं उसवून काढा. नवीन कपडा शिवताना आतल्या बाजूला दोन्हीकडे एकेक इंच दाब, म्हणजे शिवणीत दुमडलेलं कापड, जास्त ठेवा. शिंप्याला एवढं सांगितलं तरी पुरे. मग कपडा सैल करायचा तर दुकानात जायला नको, नवीन माप घ्यायला नको, टेप लावायला नको. नुसती आतली टीप उसवायची आणि बाहेरून दुसरी मारायची.

परवा गणपतीला तो घरी आला होता. आरतीआधी दुकानात डोकावून म्हणाला, "ताई, हा शर्ट काखेत दाटतोय गं." मी म्हटलं, "काढ, दहा मिनिटं लागतील." तो बनियनवर माझ्या शेजारी बसला आणि त्यानंच ब्लेड घेऊन टीप उसवायला सुरुवात केली.